जिन्यानं आलो, साहेब

लिफ्टच्या दारावर ‘दुरुस्ती चालू आहे’ अशी पितळी पाटी होती आणि ती रोज सकाळी पुसली जायची. लिफ्टला मात्र वर्ष उलटून गेलं तरी कुणी हात लावला नव्हता. माजी सैनिकांच्या निवासात रीतच तशी होती. बंद पडलेली वस्तूसुद्धा चकचकीत ठेवायची. पाटी पुसायचे ते उस्ताद स्वतःच, आणि पुसून झाली की तिला रोज एक ठेवणीतली शिवी घालायचे.

उस्ताद म्हणजे पलटणीतले कवायत शिकवणारे. पोरांना डावा पाय कुठला आणि उजवा कुठला हे सांगण्यात त्यांचा जन्म गेला होता. आता ऐंशीला टेकले होते, बायको जाऊन बरीच वर्षं झाली होती, पोरबाळ नव्हतं. पाठ अजून ताठ होती आणि डोकं अजून लवकर तापायचं. निवासातले म्हातारे म्हणायचे, उस्तादांच्या खोलीत शेगडी लागत नाही, ते नुसते बसले तरी खोली गरम होते.

या लिफ्टपायी तर त्यांच्या तळपायाची आग मस्तकात जायची. कारण निवासाला पैशांची ददात होती असं कुणी म्हटलं असतं तर उस्तादांनी त्याच्या मुस्काटात मारली असती. निवासाच्या नावानं ‘कल्याण निधी’ होता. लढाईत मुलगा गेलेल्या कुणा आईनं घर विकून त्यात भर घातली होती. शाळेच्या पोरांनी डबे फिरवून नाणी जमवली होती. कितीतरी शिपायांनी मरताना होतं नव्हतं ते त्यात टाकलं होतं. सगळ्यांनी दिलं ते एकाच कामासाठी, निवासातल्या माणसांच्या सुखसोयीसाठी. सरकारनं तो निधी आपल्या ताब्यात घेतला आणि सांभाळायला विश्वस्त मंडळ नेमलं. मंडळानं तो इतका सांभाळला, इतका सांभाळला, की ज्यांच्यासाठी होता त्यांच्या वाऱ्यालाही तो उभा राहिला नाही. दरवर्षी मंडळाचे अध्यक्ष येऊन निधी यंदाही वाढला म्हणून अभिमानानं सांगायचे आणि म्हातारे टाळ्या वाजवायचे. लंकेत सोन्याच्या विटा, त्यातली गत.

लिफ्टचा अर्ज मंडळाकडे गेला तेव्हा उत्तर आलं की लिफ्ट हा इमारतीचा भाग, तेव्हा बांधकाम खात्याला विचारा. बांधकाम खातं म्हणालं, लिफ्ट ही सुखसोय, तेव्हा निधीला विचारा. दोन घरचा पाहुणा उपाशी. अर्ज इकडून तिकडे फिरत राहिला आणि तिसऱ्या मजल्यावरची माणसं कठडा धरून जिना चढउतार करत राहिली.

त्या तिसऱ्या मजल्यावर वायरलेस राहायचा. पलटणीत बिनतारी यंत्रावर निरोप पाठवण्याचं काम त्याचं, आणि निवासात आल्यावरही त्यानं ते सोडलं नव्हतं. कुणाच्या सुनेचं बिनसलंय, कुणाच्या मुलानं फोन उचलला नाही, मेसमधली डाळ आज पातळ का आहे, सगळी खबर सकाळच्या चहाच्या आत चारी बाजूंना पोचवायची. उस्तादांचं आणि त्याचं चाळीस वर्षांचं भांडण होतं, म्हणजे चाळीस वर्षांची दोस्ती होती. मागच्या हिवाळ्यात त्याची डावी बाजू गेली. बोलणं महिन्याभरात परत आलं. पाय आला नाही.

आणि इथंच खरी मेख होती. निवासाचा नियम असा, की रहिवाशानं दोन्ही वेळा मेसमध्ये येऊन जेवलं पाहिजे. जो येऊ शकत नाही तो निवासात राहायला अपात्र, त्याची रवानगी दीर्घोपचार केंद्रात. ते केंद्र राज्याच्या पार दुसऱ्या टोकाला, रात्रभराच्या गाडीनंतर पुन्हा अर्धा दिवस बस. तिथं गेलेल्या माणसाची पुढची खबर एकदाच यायची. वायरलेसची मुलगी याच शहरात एका लॉन्ड्रीत इस्त्री करायची. दर सुट्टीला ती यायची, बापाची दाढी करायची, नखं कापायची, त्याच्याशी कडाकडा भांडायची आणि डोळे पुसत बस पकडायची. तिला सासरी दोन खोल्यांत सात माणसं. बापाला तिकडे नेणं तिला शक्य नव्हतं आणि त्या केंद्रापर्यंत जाणंही परवडणारं नव्हतं. वायरलेस एकदा उस्तादांना म्हणाला होता की मला मरणाचं काही नाही रे, पण ती येते तो दिवस गेला तर मी आठवडा कशाच्या आधारानं मोजू.

तेव्हा उस्तादांनी ठरवलं, वायरलेस मेसमध्ये येणार. नियमात मेसमध्ये आलं पाहिजे एवढंच होतं. कुणाच्या पायांनी, याबद्दल नियम गप्प होता.

सुरुंग नावाचा एक म्हातारा होता, जन्मभर पूल बांधणं आणि पूल उडवणं हेच त्याचं काम. त्यानं ऑफिसातली एक मोडकी हातांची खुर्ची घेतली, तिला दोन्ही बाजूंना बांबू बांधले, पायाशी फळी ठोकली, छातीशी पट्टा लावला. उचलायला चौघे: पुढे सुरुंग आणि पलटणीचा आचारी, मागे बँडवाला आणि स्वतः उस्ताद. चौघांचं वय मिळवलं तर तीन शतकं भरली असती. पहिल्या दिवशी खाली पोचेपर्यंत चौघांच्याही तोंडाला फेस आला. वरून वायरलेसची बडबड चालूच होती की मला असं हलवू नका, मी काही फर्निचर नाही. पण ही माणसं कवायतीत मुरलेली. उस्ताद हळू आवाजात एक-दोन म्हणायचे आणि त्या तालावर पायऱ्या उतरायच्या. आठ दिवसांत इतकं सफाईदार जमलं की दुसऱ्या मजल्यावरच्या माणसांना खुर्ची कधी गेली ते कळायचं नाही. मेसच्या दाराबाहेर बांबू सुटायचे आणि वायरलेस टेबलाशी बसलेला दिसायचा, मांडीवर घडीची शाल, केस विंचरलेले, तोंड चालू.

अधीक्षक माणूस वाईट नव्हता, पण बदलीला भिणारा होता. खुर्ची जिन्यावरून येताना दिसली की तो नेमका फायलीत डोकं घालायचा. अळीमिळी गुपचिळी, सगळ्यांचंच भलं. त्यानंच उस्तादांना सुचवलं की वार्षिक पाहणीला मंडळ येईल तेव्हा लिफ्टचं तोंडी सांगा, कागदापेक्षा माणसाच्या तोंडचं साहेबांना लवकर पटतं.

पाहणी म्हटल्यावर निवासात काय होतं ते बाहेरच्या माणसाला सांगून खरं वाटणार नाही. आठवडाभर आधीपासून म्हातारे झपाटल्यासारखे वागायला लागतात. गाद्यांच्या घड्या सुतात, बूट आरशासारखे, भिंतीला ओल आली असेल तिथं कपाट सरकवायचं, फुटलेल्या फरशीवर सतरंजी टाकायची. मोठा साहेब येणार म्हटलं की आपलं उणं झाकायचं, हे त्यांच्या हाडात बसलेलं. साहेबानं विचारायचं, काही अडचण? आणि सगळ्यांनी एका आवाजात म्हणायचं, नाही साहेब. जन्मभर हेच केलं. लिफ्ट मागायची म्हणून उस्ताद पेटले होते, आणि त्याच उस्तादांनी पाहणीच्या सकाळी जिन्याच्या पायऱ्या चुना लावून झकास करून घेतल्या. त्यात काही विसंगत आहे असं तेव्हा त्यांच्या मनातही आलं नाही.

अध्यक्ष आले. निवृत्त मोठे अधिकारी, देहानं भरभक्कम, आवाज मऊ. सभागृहात म्हातारे रांगेनं बसले होते, छातीवर पदकं. पहिल्या रांगेत वायरलेस, त्याला पहाटेच आणून बसवला होता, पायांवर शाल, बुटाचं टोक तेवढं चमकत बाहेर. अध्यक्षांनी निधी वाढल्याचं सांगितलं. टाळ्या झाल्या. मग ठरलेला प्रश्न आला आणि ठरलेलं उत्तर गेलं. उस्ताद मात्र उभे राहिले. म्हणाले, साहेब, लिफ्ट वर्षभर बंद आहे, वरच्या माणसांचे हाल होतात, निधीतून ती तेवढी करून द्या.

अध्यक्षांनी शांतपणे विचारलं की वरच्या मजल्यांवरचे सगळे इथं आलेत का. अधीक्षकानं मान हलवली, सगळे आहेत.

“मग हे खाली आले कसे?” अध्यक्षांनी विचारलं. त्यांची नजर वायरलेसवरून फिरत उस्तादांवर येऊन थांबली होती.

इकडे आड तिकडे विहीर. उचलून आणलं म्हणावं तर वायरलेस अपात्र, उद्याच केंद्राची गाडी. चालत आला म्हणावं तर लिफ्ट कशाला हवी. उस्तादांनी आयुष्यात पुष्कळ गोळीबार पाहिला होता, पण अशा कोंडीत ते कधी सापडले नव्हते. रांगेच्या शेवटी वायरलेसची मुलगी उभी होती. तिनं उस्तादकाकांकडे पाहिलं आणि हळूच मान हलवली, नको म्हणून.

“जिन्यानं आलो, साहेब,” उस्ताद म्हणाले.

खोटं काहीच नव्हतं त्यात. अध्यक्ष प्रसन्न हसले. या वयातही आपले जवान किती तंदुरुस्त आहेत, असं ते सोबतच्या मंडळींना म्हणाले, आणि चुना लावलेल्या पायऱ्यांचं विशेष कौतुक केलं. महिन्याभरात मंडळाचा ठराव आला. सर्व रहिवासी जिन्याचा वापर सुलभपणे करतात, सबब लिफ्टवर खर्चाची आवश्यकता नाही. त्याच ठरावात पुढे होतं की निधीतून निवासाच्या फाटकावर एक भव्य दगडी कमान उभारावी, जेणेकरून येणाऱ्या-जाणाऱ्यांना सैनिकांच्या त्यागाची आठवण राहील. अधीक्षकानं मेसमध्ये हे वाचून दाखवलं. उस्तादांनी ताट बाजूला सारलं. म्हणाले, आमची आठवण राहावी म्हणून दगड, आणि आम्ही राहावं म्हणून काय? अधीक्षकानं ठरावाची घडी घातली.

उस्तादांना राग मंडळाचा होताच, पण त्याहून जास्त स्वतःचा होता. हात दाखवून अवलक्षण करून घेतलं होतं त्यांनी. ज्या हातांनी वायरलेसला लपवलं त्याच हातांनी लिफ्टचा गळा दाबला, हे त्यांना रोज जिना उतरताना दिसायचं. खुर्ची जितकी सफाईनं उतरायची तितके ते मनातल्या मनात पेटायचे.

कमानीचे दगड येऊन पडले त्या आठवड्यात अपघात झाला. दुसऱ्या मजल्याच्या वळणावर आचाऱ्याचा गुडघा अचानक दुमडला. खुर्ची पुढे कलंडली. उस्तादांनी मागून बांबू छातीशी ओढून धरला आणि वायरलेस पट्ट्याला लोंबकळत राहिला, पण आचारी चार पायऱ्या खाली गेला आणि त्याचं मनगट मोडलं. ज्या हातानं त्यानं अख्ख्या पलटणीला जेवू घातलं तो हात प्लास्टरमध्ये गेला. अधीक्षकाला सांगितलं की न्हाणीघरात घसरला. आचारी स्वतःच तसं म्हणाला, आणि वर हसत म्हणाला की साबण सरकारी असल्यामुळे फार घसरतो.

त्या संध्याकाळी वायरलेस गप्प होता. त्याचं गप्प राहणं ही निवासातली मोठी घटना होती. उस्ताद त्याच्या खाटेशी बसून राहिले. खाली फाटकाशी दगडांवर टाकीचे घाव पडत होते.

“उस्ताद, मला आता खाली न्यायचं नाही,” शेवटी वायरलेस म्हणाला.

“गप बस. सुरुंगानं दुसरा माणूस बघितलाय.”

“दुसऱ्याचाही हात मोडेल. मग तिसऱ्याचा. कमानीच्या उद्घाटनाला तो जाडा परत येणार ना? त्या दिवशी मला वरच ठेव. विचारलं तर खरं सांग.”

“खरं सांगितलं तर तुला नेतील.”

“नेतील. पण लिफ्ट तरी होईल. वर आणखी अकरा जण आहेत. त्यांचे पायही काही जन्माचे नाहीत.” थोड्या वेळानं तो म्हणाला, “पोरीला आधी सांगू नकोस. ती रडून माझा निश्चय मोडेल.”

उस्तादांनी त्याला सगळ्या शिव्या देऊन पाहिल्या. पण वायरलेसनं एकदा निरोप पाठवला की तो बदलत नसे. उद्घाटनापर्यंत तेवढी त्यानं आचाऱ्याच्या जागी नवा माणूस घेऊन खुर्ची चालू दिली.

उद्घाटनाच्या दिवशी कमान खरोखर भव्य दिसत होती. वर अध्यक्षांचं नाव कोरलं होतं, त्याखाली मंडळाच्या सगळ्या सदस्यांची. शिपाई कुणीच नव्हता त्यात. शहरातले प्रतिष्ठित आले होते, शाळेची मुलं आली होती, फोटोवाले होते. सकाळी उस्तादांनी सगळ्यांना सांगितलं होतं की आज कुणी झाडू घ्यायचा नाही. तरी चार-पाच जणांनी रात्रीच आपले बूट पॉलिश करून ठेवले होते. सवय काही एका सांगण्यानं जात नाही.

अध्यक्षांचं भाषण झालं. मग त्यांनी रांगेकडे वळून आवाज मृदू करत विचारलं की सगळे खुशाल ना.

उस्ताद उभे राहिले. म्हणाले, एक माणूस गैरहजर आहे.

आजारी आहे का, अध्यक्षांनी विचारलं. उस्तादांनी नाही म्हटलं. तो वर तिसऱ्या मजल्यावर आहे, त्याला चालता येत नाही, आणि लिफ्ट बंद आहे. अध्यक्षांच्या कपाळाला आठी पडली. मागच्या खेपेला हेच गृहस्थ पहिल्या रांगेत नव्हते का, असं त्यांनी विचारलं.

“होते. आम्ही चौघांनी खुर्चीला बांबू बांधून त्याला उचलून आणला होता. रोज दोनदा आणतो. मागच्या खेपेला मी तुम्हाला जिन्यानं आलो म्हणालो, ते त्याला इथून काढू नये म्हणून. आता आमच्या आचाऱ्याचा हात मोडलाय. कमान झाली, साहेब. आता लिफ्ट करा.”

 फोटोवाल्यांनी कॅमेरे वळवले.  अध्यक्ष खाली उतरून उस्तादांजवळ आले, त्यांनी उस्तादांच्या खांद्यावर हात ठेवला, आणि त्यांचे डोळे पाणावल्यासारखे झाले. हे फार गंभीर आहे, ते सगळ्यांना ऐकू जाईल असं म्हणाले. आपल्या एका वीराचे असे हाल व्हावेत ही आपल्या सगळ्यांना शरमेची गोष्ट आहे. उस्तादांना वाटलं, जमलं. त्या एवढ्याशा क्षणात त्यांनी या माणसाला मनातून माफसुद्धा केलं.

मग अध्यक्ष अधीक्षकाकडे वळले. अशा अवस्थेतल्या माणसाला इथं ठेवणं म्हणजे त्याच्यावर अन्याय आहे, ते म्हणाले. त्यांना आजच्या आज दीर्घोपचार केंद्रात हलवायची व्यवस्था करा, प्रवासाचा खर्च निधीतून होईल. आणि लिफ्टचं काय, असं सुरुंगानं मागून विचारलं. लिफ्टचा विषय मंडळापुढे ठेवू, अध्यक्ष म्हणाले, पण आता वर कुणी चालू न शकणारं राहणार नाही, तेव्हा तशी घाई नाही. टाळ्या पडल्या. शाळेच्या मुलांना कुणीतरी वाजवा म्हणून खूण केली होती.

चोर सोडून संन्याशाला सुळी म्हणतात ती अशी. ज्या निधीला वर्षभरात लिफ्टसाठी पैसा सापडला नाही, त्याला माणूस हाकलण्यासाठी तो एका मिनिटात सापडला. उस्ताद उभे होते तसेच उभे राहिले. गर्दी कमानीखालून चहाकडे गेली.

वायरलेसची मुलगी धावत आली. लॉन्ड्रीतून तशीच आली होती, हातावर इस्त्रीचा ताजा चटका होता. तिला सगळं कुणीतरी फाटकाशीच सांगितलं होतं.

“काका, तुम्ही का बोललात?” ती म्हणाली. “मागच्या खेपेला मी नको म्हणून खुणावलं होतं तुम्हाला. बाबा तिकडे चार दिवस जगायचे नाहीत. आणि मला कळवतीलसुद्धा नाहीत.”

उस्तादांनी वायरलेसचं नाव पुढे केलं नाही. त्यानंच सांगायला लावलं असं म्हणून अंग काढून घेणं सोपं होतं. ते फक्त म्हणाले की चूक झाली, पोरी. ती जिना चढून बापाकडे गेली. तिच्या रडण्याचा आवाज तीन मजले खाली येत होता आणि मधून मधून वायरलेसचाही, तो तिला नेहमीसारखा रागवत होता.

केंद्राची गाडी दुसऱ्या दिवशी दुपारी आली. एक चालक आणि एक मदतनीस, दोघंही तरुण, भुकेले आणि रस्त्यानं आंबलेले. स्ट्रेचर घेऊन ते जिन्याशी आले. पहिल्या वळणावर स्ट्रेचर भिंतीला अडकलं. उभं करून पाहिलं, आडवं करून पाहिलं, जिना अरुंद तो अरुंदच. मग ते रिकाम्या हातांनी वर गेले. वायरलेस अंगानं चांगला थोराड. मदतनिसानं त्याच्या काखेत हात घालून पाहिला आणि वायरलेसनं त्याला प्रेमानं सांगितलं की बाळा, कंबर सांभाळ, तुझं लग्न व्हायचंय अजून. दोघं घाम पुसत खाली आले. अधीक्षकाला म्हणाले, दोघांच्यानं हे व्हायचं नाही, तुमची माणसं द्या.

निवासात उचलणारी माणसं कुठून असणार? मदतनिसांच्या जागा रिकाम्या होऊन जमाना झाला होता. त्या भरायच्या की नाहीत हेही मंडळापुढेच पडून होतं. अधीक्षक मेसमध्ये आला. म्हातारे टेबलांशी बसले होते. त्यानं कुणाच्याही डोळ्यांत न बघता विचारलं की उस्ताद, तुमची ती खुर्ची आहे ना.

आहे, उस्ताद म्हणाले.

मग तेवढं करा, अधीक्षक म्हणाला. तुम्हाला सवय आहे. साहेबांचे दोनदा फोन येऊन गेले.

साठ वर्षांत उस्तादांनी वरून आलेला हुकूम मोडला नव्हता. चुकीचे हुकूम पाळले होते, मूर्ख हुकूम पाळले होते, आणि ते पाळताना डोळ्यांदेखत गेलेली पोरं त्यांना नावानिशी आठवत होती. त्यांनी सुरुंगाकडे पाहिलं. सुरुंगानं समोरचं पाणी प्यायलं आणि पेला पालथा घातला. बँडवाला खिडकीबाहेर बघत होता. आचाऱ्यानं प्लास्टरचा हात टेबलावर ठेवला, सगळ्यांना दिसेल असा.

“नाही,” उस्ताद म्हणाले.

अधीक्षकाला आधी ते कळलंच नाही. त्यानं पुन्हा विचारलं.

“आजपर्यंत आम्ही त्याला उतरवला तो इथं ठेवण्यासाठी, साहेब. न्यायला नाही उतरवणार. मंडळ म्हणतं ना, लिफ्टची घाई नाही? मग आम्हालाही नाही. त्याला न्यायचं असेल तर लिफ्ट चालू करा आणि लिफ्टनं न्या.”

“पण लिफ्ट चालू झाली तर मग त्यांना न्यायची गरजच...” अधीक्षक बोलता बोलता थांबला. वाक्य कुठं निघालंय ते त्याच्या ध्यानात आलं.

“तेच तर वर्षभर सांगतोय,” उस्ताद म्हणाले.

अधीक्षकानं तिथूनच अध्यक्षांना फोन लावला. फोनमधला मऊ आवाज थोड्याच वेळात मऊ राहिला नाही. अजून चार माणसं पाठवतो, उद्या सकाळी, असं तो आवाज म्हणत होता, आणि त्या म्हाताऱ्यांना सांगा की निवासात राहायचं की नाही याचाही विचार करावा लागेल. अधीक्षकानं फोन कानापासून जरा दूर धरला होता, त्यामुळे सगळ्या मेसनं ते ऐकलं. त्यानं मुद्दाम तसा धरला की नाही, हे कुणी त्याला विचारलं नाही.

गाडी रिकामीच परतली.

त्या संध्याकाळी वायरलेसचं ताट वर गेलं. मेसमधून ताट बाहेर न्यायचं नाही असा नियम होता, तो आचाऱ्यानं एका हातानं मोडला. मुलगी लॉन्ड्रीत सांगून आली होती की उद्या येणार नाही, पगार कापायचा तर कापा. ती बापाला भरवत होती आणि उस्तादांशी अजून बोलत नव्हती. ते जायला उठले तेव्हा मात्र तिनं त्यांच्या हातात पाण्याचा तांब्या दिला.

सकाळी चौघं धट्टेकट्टे गडी आले, सोबत मंडळाचा एक कारकून. त्यांनी जिन्याचं दार उघडलं आणि ते तिथंच थांबले. तळमजल्यापासून वरपर्यंत प्रत्येक पायरीवर एक म्हातारा बसला होता. कुणाच्या मांडीवर काठी, कुणाच्या नाकात प्राणवायूची नळी, कुणी डुलक्या घेत होता. बूट कुणाचेही पुसलेले नव्हते, दाढी कुणी केली नव्हती, एकाच्या तर सदऱ्याची बटणंही वरखाली लागली होती, आणि उस्तादांनी आयुष्यात पहिल्यांदा कुणाला त्यावरून झापलं नाही.

पहिल्या पायरीवर उस्ताद होते. कारकून म्हणाला, आजोबा, जरा बाजूला सरका, वर जायचंय.

उस्तादांनी त्याला पितळी पाटीकडे बोट दाखवलं.

“लिफ्टनं जा,” ते म्हणाले, आणि जागचे हलले नाहीत.